जुना आय-७ घ्यावा की जुना रायझेन?

"ताई, मी नागपुरात मानेवाड्याला राहतो, इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. गेमिंगसाठी सेकंड हँड पीसी घ्यायचा आहे. बर्डीतल्या एका दुकानात ऑफिसमधून निघालेला आय-७ ४७९० प्रोसेसरचा डब्बा ११,५०० ला मिळतोय. त्यात १६ जीबी डीडीआर३ रॅम आणि २५६ जीबी एसएसडी आहे. दुसरीकडे कॉलेजचा एक सीनिअर त्याचा रायझेन ५ २६००, बी४५० बोर्ड आणि १६ जीबी डीडीआर४ रॅम असा संच १३,५०० ला देतोय. डब्बा, एसएमपीएस (वीज पुरवणारा भाग), एसएसडी माझं मला बघावं लागेल. ग्राफिक कार्डासकट माझ्याकडे एकूण ३०,००० आहेत, त्यातले अर्धे बाबांचे. मॉनिटर चुलतभावाचा जुना, फुल एचडी, ७५ हर्ट्झ. व्हॅलोरंट रोज खेळतो, जीटीए ५ अधूनमधून, आणि सायबरपंक खेळायची फार इच्छा आहे. मित्र म्हणतो, 'आय-७ सोडून रायझेन ५ काऊन घेऊन राहिला बे?' दुकानदारही तेच म्हणतो. काय करू?"

रायझेन घे.

पण घरी एवढंच सांगितलंस तर बाबा विचारतील, "सातवालं स्वस्तात भेटून राहिलं, तर पाचवाल्याला दोन हजार जास्त कशाला?" आणि त्यांचा प्रश्न रास्त आहे, अर्धे पैसे त्यांचे आहेत. म्हणून कारणं नीट सांगते.

इंटेलच्या आय-७ मधला सात आणि एएमडीच्या रायझेन ५ मधला पाच हे त्या त्या कंपनीने आपापल्या घरात लावलेले दर्जे आहेत. ते एकमेकांसमोर मांडायचे नसतात, त्यातून चिपची वर्षं वेगळी असतील तर मुळीच नाही. ४७९० आला २०१४ मध्ये, २६०० आला एप्रिल २०१८ मध्ये. इंटेलच्या चिपमध्ये चार कोअर (काम करणारे हात), आठ थ्रेड (एकाच वेळी चालणारी कामं). एएमडीच्या चिपमध्ये सहा कोअर, बारा थ्रेड. वेग म्हणशील तर ४७९० मूळ ३.६ गिगाहर्ट्झचा, टर्बोत ४ पर्यंत जातो. २६०० मूळ ३.४ चा, बूस्टमध्ये ३.९ पर्यंत. एकेका कोअरचा दम बघितला तर दोघं जवळपास सारखेच आहेत. त्यामुळे जीटीए ५, जी पीसीवर २०१५ मध्ये आली, तिच्यात तुला दोघांमधला फरक शोधून काढावा लागेल. ७५ हर्ट्झच्या मॉनिटरवर तर तो दिसायचाही नाही. व्हॅलोरंट मुळातच हलकी. तिथेही दोन्ही चिप तुझ्या मॉनिटरला पुरून उरतील. म्हणजे तुझा मित्र अगदीच चुकीचं बोलतोय असं नाही. तो २०१५ सालचं बरोबर उत्तर देतोय.

सायबरपंकचं मात्र बघ. डिसेंबर २०२० मध्ये ती गेम आली तेव्हा कंपनीने शिफारस केलेल्या प्रोसेसरांच्या यादीत चक्क आय-७ ४७९० होता. बऱ्याच जणांनी त्या यादीवर विश्वास ठेवून मशीन घेतलं. मग २०२३ मध्ये २.० चा मोठा बदल आला आणि त्यांनी यादी नव्याने काढली. आता 'किमान' या रकान्यात आय-७ ६७०० आणि रायझेन ५ १६०० आहेत. ज्या चिपची शिफारस होती ती तीन वर्षांत किमानाच्याही खाली गेली, आणि तुझ्या सीनिअरच्या २६०० चा थोरला भाऊ १६०० दारात उभा राहिला. दारातच बरं का, आत पाटावर नाही. शिफारशीच्या रकान्यात आता आय-७ १२७०० आणि रायझेन ७ ७८००एक्स३डी आहेत. तेव्हा २६०० वर सायबरपंक चालेल, पण गर्दीची घनता कमी करून आणि ग्राफिक्स मध्यमवर ठेवून.

४७९० वर ती अजिबात चालणार नाही असं नाही. चालेल, पण कशी, ते सांगते. सरासरी एफपीएस, म्हणजे सेकंदाला किती चित्रं, ठीक दिसेल. तू गाडी घेऊन बाजारपेठेत शिरशील, रस्त्यावर माणसं, गाड्या, दिवे, आणि चारही कोअर शंभर टक्क्यांना टेकतील. तिथे चित्र क्षणभर अडकतं, मग पुढे उडी मारतं. याला सगळे स्टटर म्हणतात. सरासरीच्या आकड्यात हे लपून जातं, म्हणून यूट्यूबवर तुलना बघताना '१ टक्का लो' (सगळ्यात संथ एक टक्का चित्रांचा वेग) असा जो आकडा कोपऱ्यात असतो तोच बघ. सरासरी ६० आणि १ टक्का लो २५ अशी गेम डोळ्याला एकसारख्या ४५ वर चालणाऱ्या गेमपेक्षा वाईट लागते. सहा कोअरवाल्याचा खरा फायदा या खालच्या आकड्यात आहे, वरच्या आकड्यात फारसा नाही.

आता तू रोज खेळतोस त्या व्हॅलोरंटकडे ये, कारण माझ्या मते निकाल तिथेच लागतो. विंडोज १० चा सपोर्ट मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला बंद केला. विंडोज ११ ची अधिकृत यादी इंटेलच्या बाबतीत ढोबळमानाने आठव्या पिढीपासून सुरू होते. ४७९० चौथ्या पिढीचा आहे. रायझेनची २००० मालिका यादीत आहे, म्हणजे २६०० बसतो. (१६०० बसत नाही. कोणी 'तेच आहे, हजार कमी द्या' म्हणाला तर हे लक्षात ठेव.) दुकानदार सांगेल, "होऊन जाते नं भाऊ, आपण इलेव्हन टाकून देतो." खरंच टाकून देतो, जुन्या मशीनवर ११ चढवायच्या युक्त्या सगळ्यांना माहीत आहेत. पण व्हॅलोरंटचं व्हॅनगार्ड, म्हणजे चीटिंग पकडणारं सॉफ्टवेअर, विंडोज ११ वर टीपीएम २.० (मशीनमधली सुरक्षेची सोय) आणि सिक्युअर बूट (खात्रीचीच प्रणाली चालू होऊ देणारी सेटिंग) दोन्ही मागतं. त्या काळच्या ऑफिस मशीनमध्ये टीपीएम असलंच तर सहसा १.२ असतं. मग विंडोज मजेत चालू होतं, गेमही उतरते, आणि प्ले दाबलं की व्हॅन ९००१ अशी पाटी येते. तोवर तुझे ११,५०० गेलेले असतात.

बी४५० वर हे सगळं बायोसमध्ये (बोर्डाच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये) आहे. एफटीपीएम (प्रोसेसरच्या आतलं टीपीएम) चालू करायचं, सीएसएम (जुन्या पद्धतीने चालू होण्याची सोय) बंद करायचं, डिस्क जीपीटी या नव्या मांडणीत ठेवायची. एक खोच मात्र सांगून ठेवते. एफटीपीएम चालू केल्यावर काही रायझेन मशीन मध्येच क्षणभर अडखळायची. एएमडीने २०२२ मध्ये ते मान्य केलं आणि बायोस अपडेटमधून दुरुस्ती दिली. सीनिअरने बोर्ड घेतल्यापासून बायोसला हात लावला नसेल, तर बोर्ड बनवणाऱ्याच्या साइटवरून नवा बायोस पेनड्राइव्हवर घे आणि आधी तो चढव. लाइट जाणार नाही अशा वेळी. बायोस चढत असताना वीज गेली तर बोर्ड कायमचा झोपू शकतो, म्हणून शेजाऱ्याचा यूपीएस तासाभरासाठी मागून आणायला लाजू नकोस.

पैशांचा हिशेब मांडू. रायझेनकडे १३,५०० गेले. साधा डब्बा २,०००, एसएसडी २,५००, आणि ५५० वॅटचा बऱ्या कंपनीचा एसएमपीएस ३,५०० धरू. झाले २१,५००. कार्डाला उरले ८,५००. आय-७ वाल्या डब्ब्यात सगळं आलेलं आहे, त्यामुळे तिथे कार्डाला १८,५०० उरतात. दहा हजारांचा फरक! गेमिंगमध्ये कार्डच बहुतेक काम करतं, म्हणजे कागदावर आय-७ जिंकला. तुला कोणी हा हिशेब मांडून दाखवला तर गोंधळू नकोस, हिशेब खरा आहे. फक्त तो डब्ब्याचं झाकण न उघडता केलेला आहे.

झाकण उघडून बघ. ऑफिस मशीनमध्ये एसएमपीएस बहुधा तीनशे वॅटच्या आतबाहेरचा असतो, आणि कार्डाला लागणारी सहा किंवा आठ पिनांची वायर त्यात नसतेच. वायर नसेल तर कार्डाला फक्त स्लॉटमधून मिळते ती ७५ वॅट वीज. म्हणजे जीटीएक्स १६५० किंवा १०५० टीआय, तेही जादा वायर न लागणारं मॉडेल, यापुढे फार मोठी उडी नाही. आरएक्स ६६०० ला १३२ वॅट लागतात. "मग एसएमपीएस बदलू" म्हणशील, तर कित्येक ब्रँडेड बोर्डांची मुख्य पिनच वेगळी असते, नेहमीची २४ पिनांची वायर बसत नाही, अॅडॉप्टर शोधावा लागतो. डब्बा आडवा-बारका असेल तर मोठं कार्ड आत जातच नाही. बोर्ड दुसऱ्या डब्ब्यात टाकावा तर पॉवर बटणाच्या वायरीही त्यांच्या खास, आणि पंखा जागेवर सापडला नाही म्हणून प्रत्येक वेळी चालू करताना एफ१ दाबायला लावणारी मशीन मी दुकानांच्या काउंटरवर पुष्कळ पाहिली आहेत. हे सगळं जमतं. जमवणारी मुलं नागपुरात आहेत. पण मग त्या दहा हजारांतले चार-पाच हजार आणि तुझे दोन रविवार त्यातच जातात.

तरी मान्य करते, चार-पाच हजार गेल्यावरही आय-७ कडे कार्डाला रायझेनपेक्षा जास्त उरतात. पहिल्या दिवशी, कार्डाचाच कस लागेल अशा गेममध्ये, तो कदाचित पुढेही असेल. पण ४७९० ज्या बोर्डात बसतो त्यात त्याच्यावर चढवण्यासारखं जवळपास काहीच नाही. ४७९०के मिळेल, तोच कोअरचा आकडा, थोडा जास्त वेग, आणि भाव त्याच्या वयाला न शोभणारा. डीडीआर३ रॅम पुढच्या कुठल्याच मशीनला चालणार नाही. याउलट बी४५० मध्ये बायोस बदलून तू रायझेन ५ ५६०० पर्यंत जाशील, नोकरी लागल्यावर ५७००एक्स३डी किंवा ५८००एक्स३डी सापडला तर तोही घालशील. रॅम तीच, बोर्ड तोच, एसएमपीएस तोच. ३,५०० चा एसएमपीएस घेताना जीवावर येईल, पण तो पुढच्या मशीनलाही चालतो. तू आज कार्डावर कमी खर्च करतोयस आणि बाकीच्या सांगाड्यावर जास्त, एवढंच. कार्ड बदलणं हे पाच मिनिटांचं काम आहे.

८,५०० त कुठलं कार्ड? सेकंड हँड जीटीएक्स १६६० सुपर शोध, ६ जीबीचं. १२५ वॅट खातं, फुल एचडीला पुरतं. भावात थोडं इकडेतिकडे होईल, घासाघीस कर. १०६० स्वस्त मिळेल, पण एनव्हिडियाने १००० मालिकेला नव्या गेमचे ड्रायव्हर देणं २०२५ च्या ऑक्टोबरनंतर थांबवलं. कार्डांची १६०० मालिका (म्हणजे १६६० सुपरही) त्यात नाही. आरएक्स ५८० सगळ्यात स्वस्त, आणि सगळ्यात जास्त फसवणूक त्यातच. खऱ्या ५८० मध्ये २३०४ शेडर (चित्र रंगवणारे छोटे घटक) असतात, पण २०४८ वाली हलकी आवृत्तीही त्याच नावाने विकली जाते. जीपीयू-झेड (कार्डाची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर) उघडून शेडरचा आकडा डोळ्याने बघ, खोक्यावरचा नको. आरएक्स ६५०० एक्सटी टाळ. ते बोर्डाशी बोलायला फक्त चार लेन (वाटा) वापरतं आणि तुझा बोर्ड पीसीआय एक्सप्रेस ३.० चा आहे, तिथे त्याचा श्वास कोंडतो.

२६०० मध्ये अंगचं ग्राफिक नाही. कार्ड नसेल तर मॉनिटर काळाच राहील, म्हणजे 'आधी मशीन घेऊ, कार्ड दिवाळीला' हा बेत रायझेनवर जमणार नाही. ४७९० वर जमला असता.

रॅमबद्दल सीनिअरला विचार, आठ-आठच्या दोन पट्ट्या आहेत की सोळाची एक? एक असेल तर भावातून कापून घे. रायझेनच्या या पिढीत सहा कोअर तीन-तीनच्या दोन गटांत असतात, आणि त्यांना जोडणारा आतला रस्ता रॅमच्या वेगावर धावतो. त्यामुळे रॅम सुस्त तर अख्खी चिप सुस्त. ३२०० ची पट्टी बायोसमध्ये एक्सएमपी (रॅम पूर्ण वेगाने चालवायची सेटिंग) चालू केल्याशिवाय २१३३ किंवा २४०० वरच चालते, आणि कित्येक पोरं वर्षानुवर्षं तशीच खेळतात. चालू केल्यावर मशीन अडखळलं तर २९३३ वर ठेव, तेवढा वेग अधिकृत आहे.

आता आपल्या गावाचा उन्हाळा. चिपचं तापमान खोलीच्या तापमानावर चढतं. डिसेंबरात ७० वर खेळणारं मशीन नवतपात, स्लॅबखालच्या खोलीत, पारा ४५ वर असताना ९० ला जाईल, त्यात नवल नाही. ४७९० मध्ये सिलिकॉन आणि वरचं धातूचं झाकण यांच्यात पेस्ट आहे. २६०० मध्ये तो जोड सोल्डरचा आहे, उष्णता लवकर बाहेर पडते. ४७९० ८४ वॅटचा, २६०० ६५ चा. लाइट बिलात हा फरक कळणार नाही, मे महिन्यातल्या पंख्याच्या आवाजात कळेल. दोन्हीत वरची पेस्ट नवी लाव. आणि डब्बा डेझर्ट कूलरच्या झोताच्या तोंडावर ठेवू नकोस. गार वाटतं खरं, पण ती ओली हवा आहे. टाकीच्या पाण्याचा क्षार आणि धूळ मिळून पंख्याच्या पात्यांवर पांढरा-करडा थर बसतो, तो नुसत्या ब्लोअरने निघत नाही. डब्बा झोताच्या बाजूला, भिंतीपासून वीतभर दूर ठेव. २६०० ओव्हरक्लॉक होतो, म्हणजे ठरल्यापेक्षा जास्त वेगाने पळवता येतो, बी४५० करूही देतो. तो नाद दिवाळीनंतर.

सीनिअरकडे जाशील तेव्हा मशीन जोडलेलं आणि चालू असताना बघ. सीपीयू-झेडमध्ये चिपचं नाव, मग प्रोसेसरला ताण देणारी सिनेबेंच चाचणी दहा मिनिटं सलग, शेजारी एचडब्ल्यूइन्फो या सॉफ्टवेअरमध्ये तापमान. ९५ च्या खाली राहायला हवं, मूळच्या कूलरवरही. प्रोसेसर काढायची वेळ आली तर मशीन गरम असतानाच बंद कर, कूलरचे स्क्रू सोडव आणि कूलर हलके डावीउजवीकडे फिरवत उचल. सरळ ओढलास तर वाळलेल्या पेस्टसकट प्रोसेसरही सॉकेटमधून उपटून येतो, एएम४ मध्ये (या रायझेनच्या सॉकेटमध्ये) हे नेहमीचं आहे, आणि पिना बोर्डात नाहीत, प्रोसेसरला आहेत. वाकलेली पिन दिसली तर व्यवहार तिथेच थांबव. बोर्ड खरोखर बी४५० आहे ना, हेही वाच. ए३२० ला बी४५० म्हणणारे विक्रेते कमी नाहीत.

जाताजाता, कोणी रायझेन ५ ३६०० दोन हजार जास्त घेऊन देत असेल तर २६०० सोडून तोच घे. २०१९ चा आहे, एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतली झटपट मेमरी) १६ ऐवजी ३२ एमबी, आणि गेममध्ये ती कॅश कामी येते. त्यापेक्षा जास्त फरक मागत असतील तर २६०० च ठीक.

आणि मित्राच्या घरी आधीपासून ४७९० असेल, तर तो विकायच्या फंदात त्याने पडू नये. त्यात ७५ वॅटचं कार्ड घालून जुन्या गेम मजेत खेळाव्यात. मी नको म्हणते ते आज नव्याने पैसे घालायला.

दुकानदाराला नाही म्हणताना वाईट वाटून घेऊ नकोस, एसएसडी आणि एसएमपीएस त्याच्याकडूनच घे. एसएमपीएस मात्र सीलबंद, बिलासह आणि वॉरंटी कार्डावर तारीख टाकून. सीनिअरकडून बिल मिळायचं नाही, पण त्याने बोर्ड घेतल्याचं जुनं बिल मेलमध्ये असेल तर ते पाठवायला सांग. बोर्डाची वॉरंटी उरली असेल तर त्याच्यावरच मिळेल, आणि भाव ठरवायच्या आधी तारीख बघ.